फिरत्या घराचें इंजिन आणि कोयनेचा पाऊस



पावसाळ्याच्या दिवसांत सकाळचें वर्तमानपत्र उघडलें म्हणजे सातारा जिल्ह्याच्या बातम्यांत तीन नांवें हटकून एकत्र आढळतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर. काल तेथें किती मिलिमीटर पाऊस झाला, धरणांत किती टीएमसी पाणी आलें, हें वाचल्याशिवाय कऱ्हाड-सांगलीकडील माणसाला चहा गोड लागत नाहीं. पुण्यास वर्षभरांत साधारणतः ७०० मिलिमीटर पाऊस होतो. कोयनानगरास तो सरासरी ५,००० मिलिमीटरांच्या आसपास होतो, आणि त्यांतला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्याच्या सात वर्षांचा पाऊस तेथें एका पावसाळ्यांत उरकला जातो म्हणाना!

हा पाऊस पाहण्यासाठीं शहरांतील कुटुंबें मोठ्या हौसेनें तिकडे जातात. अलीकडे त्यांत एका नव्या वाहनाची भर पडली आहे. एखादी व्हॅन किंवा टेंपो ट्रॅव्हलर घ्यावी, तींत निजावयास फळ्या, एक शेगडी, पाण्याची टांकी आणि दिव्यांसाठीं दुसरी बॅटरी बसवून घ्यावी, व मुलांबाळांसह बाहेर पडावें. या वाहनाला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आपण त्यास फिरतें घर म्हणूं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा वाहनांच्या पर्यटनाविषयीं धोरणही जाहीर केलें. हौस चांगलीच आहे. परंतु राहत्या घराचें छप्पर गळलें तर आपण खालीं पातेलें ठेवून रात्र काढतों. फिरत्या घराच्या इंजिनांत पाणी शिरलें, आणि तेंही कुंभार्ली घाटांत, रात्रीं, धुक्यांत, तर पातेल्यानें भागत नाहीं.

या पाण्याचा बंदोबस्त कसा करावा, हा आजचा विषय. त्यांत ध्यानीं धरण्यासारखी गोष्ट मुख्यतः एकच आहे. मोटारीचा नाश वाहत्या पाण्यानें फारसा होत नाहीं. तो अडकलेल्या पाण्यानें होतो.

बॉनेट उघडून पाहिलें तर कळून येईल कीं, इंजिनाची जागा ही कांहीं हवाबंद पेटी नव्हे. ती खालून बरीचशी उघडी असते, पुढून तिला जाळी असते, आणि ती तशीच असावयास पाहिजे. कारण इंजिन गार राहण्यास वारा लागतो. पाऊस आंत येणार, हें गाडी बनविणाऱ्यानें गृहीतच धरलेलें असतें, व त्या पाण्याला त्यानें वाटा आंखून दिलेल्या असतात. समोरच्या कांचेवरून ओघळणारें पाणी वायपरच्या खालच्या जाळींतून एका पन्हळींत पडतें. पन्हळीच्या टोंकांस भोंकें किंवा रबरी नळ्या असतात, आणि त्यांतून तें चाकांच्या मागें जमिनीवर जातें. कौलारू घराच्या पागोळ्यांची जी व्यवस्था, तीच ही.

आतां हीच गाडी कोयनेच्या जंगलांत एखाद्या झाडाखालीं दोन दिवस उभी करा. जांभळाचीं पानें, काड्या, शेवाळ आणि माती जाळींतून आंत जातात, त्यांचा चिखल होतो व भोंकें बुजतात. पन्हळ भरून वाहूं लागते आणि पाणी दुसरी वाट शोधतें. ती वाट बहुधा दोन ठिकाणीं सांपडते: गाडींत हवा खेंचणाऱ्या पंख्याच्या तोंडांतून पायांखालच्या गालिचांत, किंवा इंजिनाच्या मागल्या अंगास, जेथें तारांचे जुडगे असतात. मालक म्हणतात, कांचेचें रबर गळतें आहे. कारागीर सीलंटची नळी आणून रबराच्या कडेनें लेप देतो. माझ्या पाहण्यांतील एका व्हॅनला असा लेप तीनदां दिलेला होता, आणि तिसऱ्या खेपेस पाणी निघून जाण्याचें भोंकही गळतीचें भोंक समजून बुजविलेलें होतें! दिवाळीपर्यंत त्या पन्हळीचा पत्रा बोटानें दाबला तर आंत जाऊं लागला.

यावर परीक्षा अगदीं घरगुती आहे. तांब्याभर पाणी कांचेच्या तळाशीं सावकाश ओतावें, आणि तें कोठून बाहेर पडतें हें खालीं वांकून पाहावें. थोड्याच वेळांत दोन्ही बाजूंनीं स्वच्छ धार आली तर ठीक. उशिरा आली, एकाच बाजूनें आली, किंवा आलीच नाहीं, तर जाळी काढून पन्हळ हातानें साफ करावी. नळी मोकळी करण्यास सायकलच्या ब्रेकची जुनी तार, टोंक वळवून घेतलेली, पुरते. जोराची हवा मारूं नये. नळी आंतल्या सांध्यापासून निसटली तर ती पुन्हां बसविणें जिकिरीचें होतें. गळती नेमकी कोठें हेंच कळत नसेल, तर संशयाच्या सांध्यावर आंतून टाल्कम पावडर शिंपडावी आणि बाहेरून झारीनें पाणी घालावें. ओघळ त्या पावडरींत रेघ ओढून आपली जागा दाखवितो. मात्र पाणी खालच्या सांध्यापासून घालण्यास आरंभ करून हळूहळू वर जावें. वरून सुरुवात केली तर सगळेंच भिजतें आणि कांहींच कळत नाहीं.

सीलंटविषयीं माझें मत थोडें कडक आहे. रबराची पट्टी, जिला गॅरेजांत बीडिंग म्हणतात, ती कडक झाली, तडकली, तर नवी घालावी. तिच्यावर लेप देणें म्हणजे फाटक्या छत्रीला चिकटपट्टी लावणें होय. शिवाय लेपाच्या मागें शिरलेलें पाणी बाहेर येऊं शकत नाहीं, आणि खरा घात तेथेंच होतो.

तो कसा होतो, हें जरा समजून घेण्यासारखें आहे. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायु ही दोन्ही लागतात, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु गंजाचा खड्डा कोठें पडतो, याचें उत्तर थोडें चमत्कारिक आहे. केंब्रिजचे यू. आर. एव्हान्स यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून याचा अभ्यास केला. थेंबाच्या कडेस हवेंतील प्राणवायु सहज पोंचतो, मध्यभागीं तितका पोंचत नाहीं. एवढ्या भेदानें त्या थेंबाचा एक चिमुकला विद्युत्घट बनतो. मध्यभागाचें लोखंड विरघळूं लागतें, आणि कांठाकडे गंजाचें कडें उमटतें. जेथें हवा अधिक तेथें लोखंड अधिक झिजेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षांत झीज होते ती हवा कमी असलेल्या जागीं. चिखलाच्या थराखालीं, पट्टीच्या आड, दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या सांध्यांत, बॅटरीच्या तसराळ्याखालीं, नेमका असाच ओला पण हवेस पारखा कोपरा असतो. त्यांतून गंज हा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो सांध्यांत फुगतो, पत्रे एकमेकांपासून उचलतो, आणि पाण्याला आणखी जागा करून देतो.

येथें कोणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचें नांव काढतोच. सुमारें सोळाशें वर्षें तो उघड्यावर उभा आहे, मग आमच्या गाडीच्या पत्र्यानें काय पाप केलें? त्या लोखंडांत फॉस्फरसाचें प्रमाण बरेंच अधिक आहे, व त्यामुळें पृष्ठावर एक संरक्षक पापुद्रा धरला आहे. शिवाय दिल्लीची हवा वर्षांतील बराच काळ कोरडी असते. तो स्तंभ कोयनानगरास उभा केला असता तर काय झालें असतें, याचा निर्णय मी श्रोत्यांवर सोडतों.

कोयनानगरास गेलांत म्हणजे या विषयाचा मोठा धडा समोरच उभा दिसतो. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या भूकंपांत तिच्या वरच्या भागांत तडे गेले. ते पुढें बुजविण्यांत आले, व भिंतीला आणखी बळकटी देण्यांत आली. परंतु एवढ्या प्रचंड भिंतीविषयींही स्थापत्यशास्त्रज्ञ असें म्हणत नाहींत कीं, तींतून पाण्याचा थेंब झिरपणार नाहीं. अशा धरणांच्या पोटांत बोगद्यासारख्या गॅलऱ्या ठेवलेल्या असतात. झिरपणारें पाणी भिंतींत कोंडून दाब करूं नये, म्हणून त्यास छिद्रांवाटे गॅलरींत उतरवितात, मोजतात आणि बाहेर काढून देतात. पाण्याचें माप एकाएकीं वाढलें तर सावध होतात. पाणी येणार हें धरून चालणें, त्याला वाट देणें आणि त्यावर नजर ठेवणें, एवढेंच आपल्यालाही चार हातांच्या इंजिनघरांत करावयाचें आहे.

नजर ठेवण्याचें एक सोपें साधन म्हणजे जुनें वर्तमानपत्र. कोरड्या जागीं रात्रभर गाडीखालीं तें पसरून ठेवावें व सकाळीं डाग पाहावे. गाडींतील वातानुकूल यंत्र चालवून आल्यावर पडणारें स्वच्छ, बिनरंगी पाणी हें त्या यंत्राचें दंव आहे. त्याची चिंता नको. उलट भर पावसाळ्यांत तें मुळींच पडत नसेल तर त्याची नळी बुजली आहे व तें पाणी गालिचाखालीं सांचत आहे, असें समजावें. हिरवट, तांबूस किंवा निळसर, किंचित् चिकट डाग दिसला तर तें रेडिएटरचें द्रव्य होय. त्याची चव कधींही घेऊं नये. त्यांतील ग्लायकॉल विषारी असून गोडसर असतें, आणि म्हणूनच मुलें व कुत्रीं-मांजरें त्यास फंसतात. कित्येकजण हें द्रव्य कमी झालें कीं विहिरीचें किंवा बोअरिंगचें पाणी ओततात. त्यांतील क्षार आंतल्या नळ्यांत खवल धरतात, आणि गंजविरोधी द्रव्य पातळ होऊन इंजिन आंतून गंजूं लागतें. बाहेरचा गंज डोळ्यांस दिसतो तरी. हा दिसत नाहीं. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें द्रव्य शुद्ध पाण्यांत सांगितल्या मापानें घालावें, आणि इंजिन तापलेलें असतांना टांकीचें झांकण कदापि उघडूं नये.

खालून येणारें पाणी हा निराळा प्रकार. चाकांच्या वरच्या कमानींत प्लॅस्टिकचे पडदे असतात. दुरुस्तीच्या वेळीं ते काढले जातात, चार खुंट्यांपैकीं दोन हरवतात, आणि पडदा फडफडत राहतो. मग चाकानें उडविलेला गढूळ पाण्याचा फवारा थेट तारांवर व पट्ट्यांवर बसतो. खुंट्या फार स्वस्त असतात. त्या मागून बसवून घ्याव्यात.

आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावें. पाण्याच्या ओढीनें गाडी वाहून जाण्याचें भय तर आहेच. त्याशिवाय इंजिन हवा ज्या तोंडानें घेतें तें तोंड पाण्याखालीं गेलें, तर पाणी सिलिंडरांत शिरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. वर येणारा दट्ट्या त्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वांकतो. अशी गाडी पाण्यांत बंद पडली तर ती पुन्हां चालू करण्याचा प्रयत्न करूं नये, कारण पुष्कळदां बंद पडतांना नव्हे तर त्या दुसऱ्या प्रयत्नांतच दांडा जातो. तिला ओढून बाहेर काढावी. आणखी एक बारीक गोष्ट. घाट चढून आलेल्या गाडीचे दिवे, गिअरची पेटी, तारांचे जोड हीं सर्व तापलेलीं असतात. तशीच गाडी गार पाण्यांत घातली कीं त्यांतली हवा आकुंचन पावते आणि बारीक फटींतून पाणी आंत ओढून घेते. गिअरचें तेल दुधाळ दिसूं लागलें तर हेंच झालें आहे, असें जाणावें.

कोयनेचें पाणी तरी गोडें आहे. परंतु फिरतें घर एका जागीं राहत नाहीं. कुंभार्ली उतरली कीं चिपळूण, आणि तेथून गुहागरचा समुद्र. मीठ हें हवेंतील ओलावा सुमारें ७५ टक्क्यांवर गेला कीं स्वतःच पाणी शोषून ओलें होतें. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें तें याचसाठीं. समुद्रकांठीं बसलेला खारट थर घेऊन गाडी पुन्हां घाटावर आली, तर कोयनेच्या दमट हवेंत तो थर दिवसचे दिवस सुकतच नाहीं. म्हणून समुद्रावरून परततांना घाट चढण्यापूर्वींच गोड्या पाण्यानें गाडी खालून धुवावी. इंजिनघरांत मात्र सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा मारूं देऊं नये. तो रबराच्या कडा भेदून जोडांत पाणी घालतो. इंजिन निवाल्यावर, फ्यूजची पेटी आणि अल्टर्नेटर प्लॅस्टिकनें झांकून, हलक्या धारेनें धुवावें. नंतर झांकणें काढून, बॉनेट उघडें ठेवून, इंजिन थोडा वेळ चालवावें, म्हणजे उष्णतेनें सगळें सुकतें.

सुकणें हाच खरा उपाय, आणि त्याचीच आपण हेळसांड करतों. पावसाळाभर गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवणारे गृहस्थ तिची काळजी घेत नसून तिला वाफेंत शिजत ठेवतात. आपल्याकडील शेतकऱ्याचें इरलें पाहा. पाठीवरून पाणी निथळून जातें, परंतु खालून वारा खेळतो, आणि माणूस दिवसभर लावणी करून कोरडा राहतो. गाडीवरचें आच्छादन इरल्यासारखें असावें, थैलीसारखें नव्हे. शेड असेल तर उत्तमच. आठवड्यांतून एकदां तिला अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावें. नुसतें जागच्या जागीं दोन मिनिटें सुरू करून बंद केल्यास धूर जाण्याच्या नळींत उलट पाणी सांचतें.

तळाला वापरलेलें काळें ऑईल फांसण्याची चाल मला पसंत नाहीं. तें रबराचे बुश फुगवून खराब करतें, आणि पहिल्याच पावसांत धुपून ओढ्यांत जातें. कोयनेचें खोरें हें अभयारण्य आहे, आणि त्या ओढ्यांचें पाणी कोणीतरी पितेंच. मेणाचा किंवा लोकरीच्या चरबीचा लेप मिळतो. तो पत्रा धुऊन, घांसून, पूर्ण वाळल्यावर लावावा. ओल्या चिखलावरून लेप दिला तर आपण ओल आंत कोंडून वरून शिक्का मारला, एवढेंच होतें.

बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधीं ऋण टोंकाची तार सोडवावी, मग धन टोंकाची. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून घांसावें, पुसून कोरडें करावें, तारा घट्ट बसवाव्यात, ऋणाची सर्वांत शेवटीं, आणि वरून व्हॅसलिनचा हात द्यावा. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी अर्थिंगची पट्टी लोक विसरतात. तिच्या बोल्टाखालीं गंज धरला कीं दिवे मंद होतात, स्टार्टर फिरत नाहीं, आणि भरवशाच्या नव्या बॅटरीला उगाच दोष लागतो.

फिरत्या घरांत यापुढें एक अधिक धोका असतो, आणि तो कारागिरानें पाडलेल्या भोंकांचा. दुसऱ्या बॅटरीची तार इंजिनाकडून आंत आणण्यासाठीं मधल्या पत्र्याला छिद्र पाडतात. ड्रिलनें कापलेली कड उघडें लोखंड असतें. तिला आधीं जस्ताचा प्रायमर लावून मगच रबरी ग्रोमेट बसवावें. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. तार छिद्रांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशीं ठिबकतें, आंत येत नाहीं. घरावर खांबावरून येणाऱ्या विजेच्या तारेला वायरमन हाच झोल देतो.

परंतु ज्या छिद्रांतून पाणी येतें त्यांतून धूरही येतो. कांहीं व्हॅनमध्यें इंजिन पुढच्या आसनांच्या खालींच असतें, आणि मध्यें एक झांकण व त्याची रबरी कड एवढाच आडपडदा. गंजानें धुराच्या नळीला फट पडली, झांकणाचें रबर दबून गेलें, बाहेर पाऊस म्हणून सर्व कांचा लावलेल्या, आणि इंजिन चालू, अशी जुळणी झाली, तर कार्बन मोनॉक्साइड आंत सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला झोंप लागते आणि ती मोडत नाहीं. म्हणून इंजिन चालू ठेवून गाडींत कधींही निजूं नये, मग थंडी कितीही असो. बॅटरीवर चालणारा, या वायूची सूचना देणारा लहानसा भोंगा बाजारांत मिळतो. तो निजण्याच्या फळीजवळ बसवावा.

भोंकें शोधण्याची रीत अशी. मृगापूर्वीं एकदां, पावसाळ्याच्या मध्यावर एकदां, आणि खंडेनवमीस गाडीला हार घालण्यापूर्वीं एकदां, रात्रीं अंगणांतले दिवे मालवून, निवालेल्या इंजिनापाशीं एक झगझगीत विजेरी ठेवावी व बॉनेट लावून टाकावें. मग गाडींत बसून पांच मिनिटें डोळे अंधाराला सरावूं द्यावे, आणि पायांशीं, आसनांखालीं, तारांच्या भोंवतीं वांकून पाहावें. जेथें उजेडाचा ठिपका दिसेल, तेथें खडूनें खूण करून ठेवावी. सकाळीं कारागिराकडे जाऊन त्या खुणेवर नवें ग्रोमेट किंवा नवी रबरी कड बसवून घ्यावी, आणि त्याच रात्रीं विजेरी पुन्हां ठेवून पाहावी.